ठरावाविरुद्ध एक मत

इतिवृत्तात नोंद आहे, आता खोडता येणार नाही:
बारा हात वर, एक खाली.
खालचा माझा.

मी खजिनदार. माझ्याकडे आकडे होते.
टोरांटोचा हॉल ठरलेला, टेबलं आपली,
परीक्षक चालत येतील एवढ्या अंतरावर.
आणि हे म्हणतात, व्हायोलेटचं प्रदर्शन
यंदा न्या स्विफ्ट करंटला,
जिथे एप्रिलमध्येही रस्त्याकडेला बर्फ,
आणि चार टेबलं भरतील की नाही, देव जाणे.
नाकापेक्षा मोती जड, मी म्हणालो.
कुणी हसलं नाही.

इर्मा टॉड्टनं नुसती सभासदांची वही माझ्याकडे सरकवली.
एल्फ्रीडा पेनर, क्रमांक चारशे बारा,
तेवीस वर्षं वर्गणी वेळेवर.
पावत्या मीच फाडल्या होत्या.
शेवटच्या रकान्यात, प्रदर्शनास उपस्थिती: शून्य.
हा रकाना मी कधी वाचलाच नव्हता,
त्यात पैसे नसतात.

कर्लिंगचं मैदान. बर्फ नुकताच काढलेला,
काँक्रीटमधून गारवा पोटऱ्यांपर्यंत चढत होता.
व्हायोलेटला थंडी सोसत नाही, म्हणून
गावच्या पोरांनी टेबलांखाली पुठ्ठे अंथरले,
फ्रिजच्या खोक्यांचे, वर बाण काढलेले: ही बाजू वर.

मग गाड्या यायला लागल्या.
कुणी बाळाच्या टबात सहा कुंड्या आणल्या,
कुणी केकच्या डब्यात एक.
ला राँजहून लिओना मॅकेन्झी, सात तास,
पुढच्या सीटवर रोप, रोपाला पट्टा,
आणि मुलगी मागे, गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन,
दर तासाला ती रोपाजवळ सरकवणारी.
"आईला माझी एवढी काळजी नाही," ती मला म्हणाली,
तक्रार नव्हती ती, माहिती होती.

चार नाही, एकोणीस टेबलं.
तीन तर चर्चमधून उसनी आणावी लागली,
त्यांचं भाडं मी खिशातल्या डायरीत टिपलं.

एल्फ्रीडाबाई बुटक्या निघाल्या. हात मोठे.
रोप टेबलावर ठेवताना एक पान मोडलं,
कट्, एवढाच आवाज, पण सगळे थांबले.
परीक्षकाची पेन्सिल थांबली.
बाईंनी पान उचललं, ओल्या रुमालात गुंडाळलं,
म्हणाल्या, "बरं झालं. आता दोन होतील."

मी विचारलं, एवढं गोल कसं वाढवता,
ताटासारखं, एक पान इकडचं तिकडे नाही?
"रोज पाव वळसा," त्या म्हणाल्या.
"खिडकी एकच आहे माझ्या घरी.
फिरवलं नाही तर रोप तिकडेच वाकतं.
त्याचा काय दोष?"

परीक्षकानं सममितीला पंचवीसपैकी चोवीस दिले,
एक गुण मोडल्या पानाचा.
पहिलं बक्षीस लिओनाचं. मुलीनं फीत
आधी रोपाला लावून पाहिली, मग स्वतःला.
बाईंना दुसरं. त्यांनी ते फार मनावर घेतलं नाही,
कारण त्या तोवर आठव्या टेबलाशी होत्या,
चष्मा कपाळावर, नाक फुलांत,
तेवीस वर्षं नुसत्या नावानं ओळखलेली
एकेक जात बोटानं मोजत.

तोटा तीनशे अठरा डॉलर.
ताळेबंदात मी तो लिहिला, लाल शाईनं, नेहमीसारखा.

निघताना त्यांनी लिफाफा दिला.
आत ओला कापूस, आत ते पान.
त्याला आता अकरा आठवडे झाले.
मातीत देठ रोवलाय, वर पान तसंच,
हिरवं, हट्टी, खाली काय चाललंय ते सांगत नाही.
कदाचित काहीच चालत नसेल.

काल बैठक होती. पुढच्या वर्षी
लॅब्राडोर, असं कुणीतरी म्हणालं.
मी बोटीचं भाडं विचारलं. विचारायलाच हवं.
मग लवकर घरी आलो,
कारण सकाळच्या गडबडीत
कुंडी फिरवायची राहून गेली होती.