एकाहत्तर रेघा

जुंबेरच्या भट्टीत, दाराशेजारी, एक वही टांगलेली असते,
सुतळीला, पिठाने पांढरी झालेली.
मी तिथे कामाला लागण्याआधीपासून
तिच्यात माझं नाव होतं.
नावापुढे एकाहत्तर रेघा.

प्यायलेला माणूस उधार पाव नेतो तेव्हा मोजत नाही.
जुंबेर मोजत होता.

कुताइसीतला ट्रकचा कारखाना बंद पडला तेव्हा
आम्ही तीन दिवस फाटकाशी उभे होतो, उगीच,
लग्न मोडल्यावर मांडवात पाहुणे रेंगाळतात तसे.
मग खातुना ग्रीसला गेली, परक्या म्हाताऱ्यांचे पाय चेपायला,
तिच्या आईचे झुमके गहाण पडले,
आणि मी कुठेच गेलो नाही.
घरातल्या घरात
खाली खाली जात राहिलो.

"पहाटे चारला ये," एवढंच तो म्हणाला होता.
उपदेश नाही, पाठीवर हात नाही.
पहिले दोन महिने मी राख काढली.
द्राक्षाच्या छाटलेल्या वेलींसोबत तो मोडकी दारंही जाळायचा,
म्हणून राखेतून खिळे वेचायचे,
हातोडीने सरळ करायचे, डब्यात टाकायचे.
कशाला, ते त्याने सांगितलं नाही.
माझे हात थरथरू लागले
की त्याला बाहेर काहीतरी काम आठवायचं.

आमची भट्टी म्हणजे जमिनीत बसवलेला रांजण.
तळाशी निखारे. पाव आतल्या भिंतीवर थापायचा,
म्हणजे कंबरेपर्यंत आत उतरायचं, डोकं खाली, पाय हवेत,
श्वास बाहेर ठेवून.
जुंबेर बहात्तर वर्षांचा. पाणबुड्यासारखा जायचा, यायचा.
माझ्या पहिल्या वेळी त्याने मागून
माझा पट्टा मुठीत धरला.
"चापट मार. कुरवाळू नकोस."
मी कुरवाळलं.
पाव निखाऱ्यात पडला. भुवया गेल्या.
त्याने आकड्याने तो पाव बाहेर काढला, राख खरवडली,
आणि उभ्याउभ्या, चीजसोबत, सगळा खाल्ला,
जणू तो तसाच भाजायचा होता.

महिनाअखेर तो पगारातून पैसे कापायचा
आणि वहीतल्या रेघांवर काट मारायचा.
पाच, तीन, कधी दोनच.
मला राग यायचा.
त्या रागानेच मी चारच्या आधी उठू लागलो.

एका रात्री दारूच्या दुकानापर्यंत जाऊन आलो.
दुकानात नाही. दुकानापर्यंत.
सकाळी त्याला सांगितलं.
"पीठ चाळलंस का?" त्याने विचारलं.

फेब्रुवारीत शेवटच्या रेघेवर काट पडली.
वाटलं, आज तरी काही बोलेल.
मी एक गरम पाव उचलला,
तलवारीसारखा लांब, दोन्हीकडे टोकदार,
काखेत मारला आणि निघालो.
"एक लारी," जुंबेर म्हणाला, मागे न बघता.

मी खिसे चाचपले. होती.
गल्ल्यात नाणं पडल्याचा तो आवाज
मी पुलापर्यंत सांभाळून नेला.

पुलावर पावाचं टोक मोडलं.
सगळेच मोडतात; आमच्या गावात ते टोक
कधी घरी पोचलेलं नाही.
तेवढ्यात खातुनाचा फोन, थेस्सालोनिकीहून.
तोंडात घास होता.
"काय खातोयस?"
"पाव."
ती गप्प झाली. तिच्या मागे कुणी म्हातारं खोकत होतं.
"विकतचा?"
"विकतचा."