ह्यांचं नाक

भिरोंड्याच्या डोंगराखाली
उगो गावसाच्या भट्टीपाशी आम्ही उभे.
एप्रिल. बोंडांचा वास इतका दाट
की पदराला धरून घरापर्यंत येणार.
"भाऊ, बघा जरा," म्हणत उगोनं
करवंटीतून हुर्राक पुढे केलाय.
अबकारी खात्यातली ह्यांची एकतीस वर्षं
त्या करवंटीत डोकावताहेत.

हे जीपमधून उतरायच्या आधीच सांगायचे:
हुर्राक चौदा ग्राव, फेणी एकोणीस,
आणि मागच्या मडक्यात कुणीतरी नवसागर टाकलाय.
ओठाला मात्र कधी थेंब लावला नाही.
घरी आले की माझ्या आमटीतला हिंग
दारातूनच ओळखायचे,
तोही कुठल्या दुकानातला ते.

गेल्या सप्टेंबरात लेकीनं तिकिटं धाडली.
लिस्बन, एव्होरा, मग दोरू नदीचं खोरं.
शाळेतले दोन ग्राव शिकलेलं ह्यांचं पोर्तुगीज
साठ वर्षांनी पेटीतून काढलेल्या कोटासारखं,
खांद्यात तंग, पण बटणं शाबूत.
लिस्बनला एका तळघरात काळी शाल घेतलेली बाई गायली.
हे रडले.
मी नाही. माझे पाय दुखत होते.

दोरूच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांचे मळे,
आमच्या कुळागरासारखेच, फक्त पोफळीच्या जागी
गुडघ्याएवढ्या वेली.
दगडी हौदात माणसं मांडीपर्यंत जांभळी,
एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून द्राक्षं तुडवत होती.
मी ओरडलेच, "अहो, कोळंबी!"
(मासळी नव्हे. बोंडं तुडवायची आपली कोळंबी.)
पहिल्या मळ्यात प्याला हुंगून हे म्हणाले, "छान. द्राक्षांचा."
दुसऱ्या मळ्यातही, "छान. द्राक्षांचा."
तिसऱ्यात मी नीट बघितलं.
घरातली माणसं गाव सोडून गेलीत हे ठाऊक असून
कुणी दार वाजवत राहावं, तसं
ते त्या प्याल्यात नाक घालत होते.

रात्री गॅलरीत सांगितलं.
त्या तापानंतर काहीच नाही.
दोन वर्षं.
"हिंगाचाही?"
"हिंगाचाही."
आणि मी रोज विचारत होते, फोडणी कशी झालीय,
आणि हे रोज म्हणत होते, मस्त.
मला आधी राग आला. बाकीचं नंतर.

दुसऱ्या दिवशी पोर्तोच्या पलीकडच्या काठावर
पिंपांच्या अंधारात, जन्मात पहिल्यांदा,
मी प्याला हातात घेतला.
ह्यांच्या कानाशी लागून म्हटलं:
सोलं वाळत घातली की तिसऱ्या दिवशी अंगणात येतो, तो.
मागे ओला जांभा.
थांबा. समई विझल्यावरचा, वातीचा.
आणि गिळल्यावर अगदी शेवटी
आईच्या कपाटातलं जायफळ.
ह्यांनी ते तिथल्या मुलीला पोर्तुगीजमध्ये सांगितलं.
सोलांपाशी अडले. "ब्रिंदांव," म्हणाले.
तिला कळलं नाही, तरी तिनं वहीत लिहून घेतलं.
मग माझ्याकडे वळून, हळूच,
"खोटं नाही ना सांगत?"
"थोडंसं," मी म्हटलं.

उगो थांबलाय.
कोळंबीत त्याच्या पोराचे पाय थांबलेत.
हे करवंटी नाकाजवळ नेतात,
आणि तिथूनच माझ्याकडे वळवतात.
उगो आधी ह्यांच्याकडे बघतो, मग माझ्याकडे,
मग भट्टीतल्या लाकडाला उगाच पुढे सारतो.
मी हुंगते. घोट घेते. घशातून वाट काढत
एक तापलेली सुतळी खाली उतरते.
"पंधरा," मी म्हणते.
"चौदा," हे म्हणतात. बुडबुड्यांवरून.
डोळे अजून खात्यातलेच आहेत.
"आणि वास?"

एकतीस वर्षं, रोज संध्याकाळी,
मी धुवायला टाकायचे तो खाकी शर्ट.

उगो काचेची नळी घेऊन येतोय.
सांगते.
आधी गिळू तर दे.