नऊ वेढे

मेहिकालीत जुलैच्या दुपारी दोनला
गाडीच्या दाराला उघड्या हातानं कुणी शिवत नाही.
दोन्या ओतिलिया मुठीला ओला फडका गुंडाळून उतरली.
एकोणनव्वदची त्सुरू. मूळ रंग पांढरा होता म्हणे.
"गार हवा येत नाही."
कधीपासून?
तिनं बोटं मोजली. "तेरा उन्हाळे."

तेरा उन्हाळे काचा खाली करून फिरलेल्या बाईला
आत्ताच का, असं मी विचारलं नाही.
गिऱ्हाइकाचं डोकावून बघायचं ते फक्त बॉनेटखाली,
एवढं पथ्य वडिलांनी घालून दिलंय.

गॅस शिल्लक नव्हताच.
मीटरच्या दोन्ही सुया, निळी आणि लाल,
शून्यावर मान टाकून पडलेल्या.
नायट्रोजन भरला, साबणाचं पाणी शिंपडलं,
सांध्यासांध्याशी नाक नेलं.
कंडेन्सरच्या डाव्या कोपऱ्यात
एक बुडबुडा आला, फुगला, फुटला,
आणि पुन्हा आला.

सांधा खोलला तर आत घरच्या फ्रिजची रिंग,
मापात बसावी म्हणून ब्लेडनं तासलेली,
आणि आट्यांवर नळवाल्यांची पांढरी टेप. सात वेढे.
मी मोठ्यानं शिवी हासडली.
कुठल्या गाढवानं केलंय हे?

"मी," दोन्या ओतिलिया म्हणाली.
स्टुलावर बसून पुठ्ठ्यानं वारा घेत होती.
"बर्फाच्या कारखान्यात बावीस वर्षं काढली.
अमोनियाच्या नळांना असंच करायचो आम्ही."
मग पुठ्ठा थांबवून,
"आणि सात नाही, नऊ वेढे. मोज."

मोजले.
नऊ होते.

दिलेली शिवी परत घेता येत नाही,
म्हणून मी काम जरा जास्तच नीट केलं.
जुनं तेल धुऊन काढलं, ड्रायरची बाटली बदलली,
जुना गॅस आता मिळत नाही, नव्याची तोंडं बसवली,
हिरव्या रिंगा तळहातावर तेलात माखून घेतल्या.
एक तिनं मागितली. नखानं दाबून पाहिली,
उजेडात धरली, परत दिली.
काही बोलली नाही. म्हणजे पास.

मग पंप लावला. नळ्यांतली होती नव्हती ती हवा ओढून घेणारा,
कारण ओल आत राहिली तर गोठते आणि वाट अडवते.
हे मी तिला सांगायला लागलो आणि थांबलो.
कोपऱ्यावरच्या चिनी खानावळीतून पोऱ्यानं भात आणला,
आम्ही दोघांनी एकाच डब्यातून खाल्ला.
तेव्हा आपणहून म्हणाली,
"लेओकादियाला आठवड्यातून तीनदा मशीनवर न्यायचं असतं.
परतताना सिटवर डोकं टाकून पडते.
हल्ली तिला घामसुद्धा येत नाही."
आणि भातातला वाटाणा बाजूला काढला.

पंप बंद केला. निळी सुई शून्याच्याही खाली, उणे एकोणतीसवर.
आता नुसतं बघत बसायचं.
आत काहीच नाही,
आणि ते तसंच राहतंय का, एवढंच बघायचं.
अर्धा तास.
रस्त्यावरून उसाच्या रसासारखं पिवळं ऊन सरकत गेलं,
सुई नाही सरकली.

गॅस आत गेला. कॉम्प्रेसरनं टक् केलं,
जुन्या इंजिनाला ओझ्याचा हिसका बसला,
क्षणभर वाटलं बंद पडणार,
मग खाकरून चालू राहिलं.
जाळीत खोचलेला थर्मामीटर उतरत गेला.
वीस. बारा. सात.
तिनं जाळीवर हात ठेवला,
आणि चटकन काढून घेतला, भाजल्यासारखा.

पैसे सुटे मोजून दिले.
जुनी रिंग मागून घेतली. "चालेल अजून कुठेतरी."
रुमालात बांधली.
काच सवयीनं चार बोटं उघडीच ठेवून
ती निघून गेली. मी ओरडलो, काच!
ऐकू गेलं नसावं.

गाडी उभी होती तिथं फरशीवर
तळहाताएवढं पाणी साचलेलं.
पोऱ्या धावत आला, "मालक, गळतंय!"
गळत नाही रे, म्हटलं, गार झालं की असं होतंच.
तोवर समोरच्या टायरवाल्याची कुत्री आली,
जीभ लावून पाहिली,
आणि पोट टेकून त्या ओलीवरच आडवी झाली.