पंधरा मायक्रॉन

नायलॉनचा रोल बाहेरगावाहून येतो,
आधीच ताणलेला. उभा ताणला, मग आडवा,
म्हणून तर पंधरा मायक्रॉनात एवढा जीव.
चिंचोळीच्या शेडमध्ये मी त्याच्या पाठीला फक्त पॉली चिकटवतो
आणि दोन दिवस गरम खोलीत निजवतो.

नायनांना हे सांगितलं, तर म्हणाले,
उभा-आडवा? मग मागच की तो.
धागा कुठाय?
धागा नसतो, नायना.
त्यांनी तुकडा उन्हात धरला,
चाळीस वर्षं चादरीची वीण चाचपलेला अंगठा फिरवला
आणि परत दिला मला,
दुसऱ्याचं पत्र चुकून हाती आल्यासारखा.

शांतव्वा बिराजदार पहिल्यांदा आल्या त्या भांडायलाच.
साधी पिशवी माझ्या टेबलावर आपटली.
आत कडक भाकरी, कौलाच्या तुकड्यासारखी,
आणि पिशवीला चारी बाजूंनी भोकं.
"बघ की. सुईगत घुसतीया.
आन् चटणी? म्हैन्यात खवट.
माझं नाव लिवलंय त्याच्यावर, तुझं न्हाई."

मी खुर्ची दिली. पाणी दिलं. नमुने काढले.
हा कास्ट, मऊ, साच्यात बसतो, पनीरवाले नेतात.
तुम्हाला नको.
हा पाच थरांचा, मधे नायलॉन, दोन्हीकडं पॉली,
चटणीसाठी. शेंगदाण्याचं तेल आणि हवा
यांची गाठच पडू देत नाही.
आणि भाकरीला हा, ताणलेला. टोचून बघा.
त्यांनी अंबाड्यातली पिन काढून खरंच टोचली.
फिल्म वाकली, खोलगट झाली, फाटली नाही.
"आन् पाण्याला?"
पाण्यापुढं नायलॉन जरा कच्चा.
पाणी पितो, मग ढिला पडतो.
"आमच्या धाकल्या जावयागत," शांतव्वा म्हणाल्या,
आणि भांडण तिथंच मिटलं.
म्हणून त्याला पॉलीचं पांघरूण, मी म्हणालो,
पण त्या तेव्हा दराकडं वळल्या होत्या.

पाच महिन्यांनी गुवाहाटीहून एक पुडकं परत आलं.
पत्ता सापडला नाही, असा शिक्का.
हवा ओढून घेतलेली पिशवी चटणीला तशीच बिलगलेली,
विटेसारखी घट्ट.
त्या ते घेऊन थेट शेडमध्ये आल्या,
कात्री मागितली.
कोपरा कापला
आणि शाईचा, सॉल्व्हंटचा, गरम रोलरचा वास
एका क्षणात मागं सरला.
लसूण. भाजलेला दाणा. लाल तिखट.
शांतव्वांनी चव घेतली नाही. नुसतं हुंगलं.
"ही रचव्वाच्या हातची.
लसूण सालीसकट कुटायची भवानी,
सांगून सांगून दमले.
पगारावरनं भांडून गेली जानेवारीत."
मग चिमूट तोंडात टाकली. मग आणखी एक.
त्या दिवशी त्यांनी रोलची ऑर्डर दिली नाही.
फाटकाजवळ उभं राहून फोन लावत होत्या,
पलीकडं कुणी उचलत नव्हतं.

शेडच्या मागं कापलेल्या कडांचा ढीग.
भंगारवाला गैबीसाब त्याला हात लावत नाही.
नायलॉन वेगळा द्या, घेतो. पॉली वेगळी द्या, घेतो.
हे लग्न तुम्ही लावलंय, सोडवायचं कुणी?
त्याला माझ्याकडं उत्तर नाही.
एवढं घट्ट चिकटावं म्हणूनच तर मला पगार.

परवा घरी गेलो तर
नायनांनी जुन्या बाजेचा सांगाडा अंगणात काढलेला.
त्याच कडांच्या पट्ट्या, दोन पोती,
कधी मागवल्या कुणाकडून, बोलले नाहीत.
उभ्या पट्ट्या बांधून झालेल्या,
आडवी एक खालून, एक वरून.
कुणाच्या तरी बिस्किटाचं अर्धं अक्षर, अर्धा भाव,
कुठल्याशा लोणच्याचा हिरवा देठ,
ओळीओळीतून जात होता.
"घसरतं रे हे," ते म्हणाले, "पीळच धरत नाही,"
आणि दातांत पट्टी धरून
पुढची ओळ ओढली.