साडेसहा इंच

अण्णा बोअरमध्ये अडकलेल्या मोटारी काढायचे.
औसा, निलंगा, किल्लारी, कुठूनही बोलावणं यायचं.
साडेसहा इंचांचं भोक, खाली चारशे फूट अंधार
आणि वर अण्णा, डोळे मिटून,
दोरीला कान लावल्यासारखे.
"वढू नगं," म्हणायचे,
"कशाला अडलीय ते इचार तिला."

मी मात्र अकरा वर्षं
करवतीनं छात्या उघडल्या.
लख्ख उजेडात सगळं दिसायचं.
लोक सदऱ्याची बटणं काढून व्रण दाखवायचे,
मोठं काम झाल्याची पावती.

मग बरगड्यांमधून दोन बोटांची वाट.
तिसराच पेशंट, मुरूडचे गफूर शिंपी:
झडप शिवता शिवता रक्त आवरेना,
करवत मागावी लागली.
ते वाचले.
मी सहा महिने पुन्हा मोठंच कापत राहिलो.

आज लातुरात, चाकूरच्या सोजरबाईंची झडप
जांघेतून वर नेली.
तार मध्येच अडली.
पडद्यावर नुसती सावली, बोटांत खरखर.
काझी मॅडम म्हणाल्या, "प्रेशर उतरतंय."
मी थांबलो.
तार गव्हाच्या दाण्याएवढी मागे घेतली,
जराशी फिरवली.
गेली.

तिसऱ्या दिवशी लुगडं सावरत सोजरबाई म्हणाल्या,
"कापलंच न्हाई की!
मंग पैसे कशाचे, डाक्टर?"

अण्णांनाही लोक हेच विचारायचे.
ते चिखलानं माखलेली मोटार दाखवायचे.

माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.
गळ्यातला स्टेथोस्कोप काढला
आणि त्यांच्याच कानांत घातला.