रंगाचा रकाना

डॉक्टर तांडेल लसीकरणाच्या वहीत
रंगाच्या रकान्यात लिहितात : तपकिरी, ठिपकेदार.
पेनाला टोपण लावतात. झालं.

वधुवर मंडळाच्या फॉर्मवर याच रकान्यापाशी
आईने अर्धी दुपार काढली होती.
'गव्हाळ' लिहिलं, खोडलं,
मग पुन्हा गव्हाळच,
फक्त अक्षर जरा बारीक.

तिळी आली ती ओजसकडून.
पंचेचाळीस हजार मोजले होते त्याने या ठिपक्यांचे.
सोफ्याचे दोन्ही हात फाटल्यावर म्हणाला,
मावशी, तू एकटीच असतेस, तुला सोबत होईल.
ऐरोलीला, सेक्टर आठात, सातव्या मजल्यावर
पिंजरा, वाळूचा ट्रे, अर्धी पिशवी खाऊ ठेवून गेला,
खाली गाडी आडवी लावलीय म्हणून
चहासुद्धा न घेता.

मी अंडंही न खाणारी.
आता गॅलरीत वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात
कोंबडी उकडते. मीठ नाही, हळद नाही,
कांदा तर नाहीच नाही.
(कांदा मांजराला विष असतो
हे आईला कळायला हवं होतं.
चातुर्मासात तिला केवढा आधार वाटला असता.)

केस आखूड, म्हणजे काम कमी,
असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.
रविवारी रबरी हातमोजा ओला करून
मानेकडून शेपटीकडे, उलटा फिरवायचा नाही.
नखांची फक्त टोकं, आतली गुलाबी शीर सोडून.
बाथरूमचं दार लावलेलं हवं,
नाहीतर ती भरल्या बादलीत उतरते
आणि ओल्या पायांनी माझ्या ऑफिसच्या फायलींवरून
सावकाश, तपासणी केल्यासारखी चालत जाते.
कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी
तिने चार दिवसांत कुरतडली.
आता तारेची आहे. तिच्यापलीकडे खाडी,
खाडीपलीकडे मुलुंडचे दिवे,
आणि रात्री तीन वाजता त्या दिव्यांकडे बघून
ती जो आवाज काढते तो मांजराचा नव्हे.

गोदाबाई दिव्याहून भांडी घासायला येतात.
पहिल्या दिवशी उंबऱ्यातच थांबल्या :
बाय, यो वाघाचा पोर तं नाय ना?
आठवडाभर स्वयंपाकघरात आल्या नाहीत.
मग एक दिवस पदराआडून सुक्या जवळ्याची पुडी निघाली.
डॉक्टरांनी खारवलेलं देऊ नका म्हटलंय,
हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.
सोळा वर्षांत माझ्या हातून पाण्याचा पेला घेताना
त्यांनी एकदाही मनगटाकडे पाहिलं नाही.
पुडी घेते. डब्याच्या मागे ठेवते.

मनगटावरचा पहिला ठिपका एकोणिसाव्या वर्षी,
चरईच्या खोलीत. साबणाचा फेस वाटला होता.
मग कोपर, मान, ओठांची कड.
बावचीचं तेल लावून उन्हात बसायचं,
घड्याळ लावून, चरईत बसले, ऐरोलीत बसले.
सोडलं ते वैतागून नाही.
आई गेली त्या वर्षी बाटली संपली,
दुसरी आणायचं राहून गेलं.

समोरच्या दोन टॉवरच्या फटीतून
साडेआठ ते नऊ दहा ऊन येतं,
सतरंजीएवढं.
ते आता तिळीचं आहे.
तिसऱ्या मजल्यावरची इरावती शाळेआधी बघायला येते,
म्हणते, कसलं भारी डिझाईन आहे!
मग माझ्या हाताकडे बघते,
मग तिच्याकडे,
आणि विचारते, तुमचं उलटं छापलंय का?

आईने ऐकलं असतं तर दार लावून घेतलं असतं.
मी म्हटलं, हो, बहुतेक.

ती गेल्यावर तिळीच्या अंगावरून हात फिरवते,
गोचीड बघायला, कातडीखाली गाठ बघायला.
ती माझं मनगट धरते, पांढऱ्यावर जीभ घासते,
खरखरीत, कोपऱ्यापासून नीट,
निघतोय का ते बघत असल्यासारखी.
निघत नाही.
जांभई देते, कूस बदलते.
ऊन अजून दहा मिनिटं आहे.
मी जरा सरकून बसते.