साठ मीटर

सहाशे मीटरवर एक हिसका बसतो, उलटा:
ओढ संपल्याचा.
आरशातलं ग्लायडर उजवीकडे कलतं,
मी डावीकडे. निरोप म्हणून एवढंच.
नेमुनस नदी पंखाखालून वळसा घेते
आणि मागे, शेपटीला, रिकामा दोर
अजून कुणाला तरी नेत असल्यासारखा ताठ.

पूर्वी तो तसाच घेऊन खाली यायचे.
लिंडनच्या शेंड्यांवरून उंच,
धावपट्टीच्या काठाशी मूठ ओढून सोडून द्यायचा,
मग वळून पुन्हा यायचं, उतरायला.
अंदाज चुकला की दोर हाताला लागेल ते आणायचा:
एकदा चेरीची फांदी, कच्च्या फळांसकट,
एकदा बार्बोराबाईंची उशीची खोळ.
बाई खोळ न्यायला आल्या
आणि जाताना उद्याचा वारा विचारून गेल्या,
कपडे कुठल्या बाजूला वाळत घालायचे ते ठरवायला.

ओटच्या शेताच्या कडेला स्तेपोनास उभा असायचा,
सायकल गवतात आडवी टाकून.
दोर पडला की चालत जायचा, धावत कधीच नाही,
कोपर ते पंजा, कोपर ते पंजा वेटोळं करत
सगळा दोर तळहातातून जाऊ द्यायचा.

या वसंतात वायदोतासने विमानाच्या पोटात रहाट बसवला.
विजेचा.
आता हिसका बसला की बटण दाबते,
पायांखाली घरघर सुरू होते, शिवणयंत्रासारखी,
मिनिटभरात दोर आत, हिरवा दिवा,
आणि सरळ खाली.
तासाला दोन उड्डाणं जास्त, पेट्रोल कमी,
बार्बोराबाईंच्या खोळी शाबूत.
मला जुनंच हवंय असं कुणी समजू नये.

शेजारी लाल झाकणाखाली दुसरं बटण आहे.
त्याच्या हुकमात एक पातं.
मागचा कधी वेडावाकडा उंच चढला
आणि माझी शेपूट उचलली गेली, तर तोडायचं.
दोन्ही बटणांत चार बोटांचं अंतर.
गुंडाळणं आणि तोडणं इतकं शेजारी का ठेवलंस,
वायदोतासला विचारलं.
म्हणाला, तारा तेवढ्याच लांब होत्या.

स्तेपोनास अजून येतो.
बाकावर बसतो, हात मांडीवर पालथे.
पहिला आठवडा काही बोलला नाही.
दुसऱ्या आठवड्यात म्हणाला,
"आत असताना त्याला बघतं कोण?"

म्हणून रोज शेवटच्या उड्डाणानंतर,
शेतातले करकोचे घरट्याकडे निघाले की,
मी ब्रेक सोडते.
तो टोक धरतो आणि गवतातून चालू लागतो,
मग हात फिरवत परत, मग पुन्हा टोकाशी.

जूनमध्ये एकदा एकेचाळिसाव्या पावलाशी थांबला.
हाक मारली नाही.
खिशातून लाल लोकर काढून गाठ मारली.
जाऊन बघितलं: तीन पदर तुटलेले, केसाएवढे.
त्या दुपारी याच दोराने मी
सोळा वर्षांच्या योगिलेला वर नेलं होतं,
तिच्या पहिल्या एकट्या उड्डाणाला.

दोर बदलला. नवा पिवळा आहे.
अजून ओळख द्यायचाय, असं तो म्हणतो.

तपासून झालं की लांब टोकाशी उभा राहून हात वर करतो.
यंत्राचा वेग त्याच्या पावलांहून जास्त,
म्हणून मी दाबते, सोडते, दाबते, सोडते.
दोर ताठ, म्हातारा जरासा मागे झुकलेला,
टोपी काखेत,
ओढला जात असल्यासारखा येतो.
विमानापाशी पोचला की टोक सोडतो
आणि उजवीकडे वळतो, सायकलकडे.